हस्तप्रक्षालन

आमच्या मराठी भाषेंत हात धुण्याला मोठें मानाचें स्थान आहे. कोणी एखाद्याच्या हात धुऊन मागें लागतो, तर कोणी वाहत्या गंगेंत हात धुऊन घेतो. पाहुणा उंबऱ्याशीं येतांच त्याच्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवावा, पानावर बसण्यापूर्वीं हात धुवावे, स्मशानांतून परत आल्यावर पायांवर पाणी घेतल्यावांचून घरांत शिरूं नये, हे नेम आम्हांस कोणी पुस्तकांतून शिकविलेले नाहींत. ते आम्ही आजीच्या पाठीमागें हिंडतां हिंडतां शिकलों. अशा लोकांस हात धुण्याचें महत्त्व सांगावयास बसणें म्हणजे काशीकरास गंगेची वाट दाखविण्यासारखें आहे, असें वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल. तरी पण या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे, व त्याचें कारण आरंभींच सांगितलेलें बरें.

बल्लारपुराकडून येतांना वर्धा नदी ओलांडली म्हणजे राजुरा लागतें. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं, आदिलाबाद जिल्ह्यांत होता; १९५६ सालीं तो नांदेड जिल्ह्याला व १९५९ सालीं चांदा जिल्ह्याला जोडला गेला. अशा तालुक्याच्या गांवीं, सीझर होऊन पडलेल्या एखाद्या बाळंतिणीच्या खाटेपाशीं घटकाभर उभें राहून पाहावें. कोरपन्याहून, जिवतीहून एस. टी.च्या गाडीनें सोयरेधायरे येतात. गाडीचा दांडा धरलेला, तंबाखू मळलेला, सुट्या पैशांची देवघेव केलेला हात तसाच बाळाच्या गालाला लागतो. एखादी वडीलधारी बाई मायेनें पांघरूण सारून टांके कसे आहेत तें चांचपून पाहते. तीच बाई घरीं गेल्यावर, दवाखान्याचा विटाळ झाला म्हणून, अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीपाशीं पाऊल टाकीत नाहीं. म्हणजे तिचा हात धुतला जातो तो रोग्याजवळून परत आल्यावर, स्वतःच्या रक्षणाकरितां. रोग्याजवळ जाण्यापूर्वीं, रोग्याच्या रक्षणाकरितां, तो धुतला जात नाहीं.

या 'नंतर' आणि 'पूर्वीं' मध्यें जें अंतर आहे, तें ओलांडण्यास विद्वान् डॉक्टरांसहि दोन पिढ्या लागल्या. त्या दोन पिढ्यांत किती आया आणि किती शस्त्रक्रिया झालेले रोगी प्राणास मुकले याची गणती करणें कठीण आहे. तो इतिहास आमच्या घरांतल्या मंडळींनीं वाचण्यासारखा आहे, म्हणून हा प्रपंच.

आमच्या पूर्वजांस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत वैद्यानें नखें व केस कापलेले असावे, तो शुचिर्भूत असावा, त्यानें शुभ्र वस्त्र परिधान करावें असें सांगितलें आहे. व्रणिताच्या खोलींत मोहरी, कडुनिंबाचीं पानें, तूप व मीठ यांची धुरी दिवसांतून दोनदां, दहा दिवसपर्यंत द्यावी असाहि उपदेश आहे. त्याचें कारण म्हणून रक्तमांसाच्या लोभानें येणाऱ्या निशाचरांचा उल्लेख केलेला आहे. आजचा वाचक निशाचर हा शब्द वाचून कदाचित् हंसेल. परंतु डोळ्यांस न दिसणारें कांहीं तरी उघड्या जखमेवर येतें व रोग्याचा घात करतें, एवढी जाण त्यांत निःसंशय आहे. मात्र हा वैरी बाहेरून येणारा आहे. तो वैद्याच्याच बोटांवर बसून येत असेल, ही कल्पना मनुष्याच्या अभिमानास इतकी कडू लागते कीं ती फार उशिरां, आणि फार थोड्यांस सुचली.

ज्यांनीं ती प्रथम बोलून दाखविली त्यांत स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचा डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डन याचें नांव घेतलें पाहिजे. बाळंतिणींना होणारा सूतिकाज्वर एकीकडून दुसरीकडे सुइणी व डॉक्टरच नेतात, असें त्यानें १७९५ सालीं छापून प्रसिद्ध केलें. आणि पुष्कळ स्त्रियांना ही बाधा आपणच पोंचविली, अशी कबुलीहि त्याच पुस्तकांत दिली. गांवानें या प्रामाणिकपणाचें बक्षीस म्हणून त्याचा द्वेष केला. अमेरिकेंत बोस्टन येथें ऑलिव्हर वेंडेल होम्स यानें १८४३ सालीं तोच सिद्धांत मांडला, तेव्हां तेथील प्रतिष्ठित प्रसूतितज्ज्ञांनीं त्याची टर उडविली. फिलाडेल्फियाचे प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांचा युक्तिवाद तर असा होता कीं, डॉक्टर हे सद्गृहस्थ असतात, आणि सद्गृहस्थांचे हात स्वच्छच असतात! हा युक्तिवाद वाचून आम्हांस परकें असें कांहींच वाटलें नाहीं. कुळाच्या व विद्येच्या शुद्धतेवरून हाताची शुद्धता ठरविण्याची चाल आमच्याकडे पुरातन आहे.

पुराव्यानिशीं हा प्रश्न तडीस नेण्याचें श्रेय इग्नाझ सेमेल्वाइस या हंगेरियन डॉक्टरास आहे. व्हिएन्ना शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. इमारत तीच, अन्न तेंच, हवा तीच. परंतु १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यांत शेंकडा ३ देखील नाहीं. ही गोष्ट शहरांतील गोरगरीब बायकांस ठाऊक होती. आपल्याला पहिल्या विभागांत घालूं नये म्हणून त्या गुडघे टेकून रडत. वाटेंत, रस्त्यावरच प्रसूत होऊन मग रुग्णालयांत आलेल्या बायका त्या मानानें सुरक्षित राहत, हेंहि सेमेल्वाइसच्या नजरेस आलें. जेथें विद्या अधिक तेथें मृत्यु अधिक, असें हें कोडें होतें.

त्या काळच्या पंडितांनीं उत्तरें पुष्कळ दिलीं. कोणी म्हणे, वातावरणांतील दूषित वाफा. कोणी म्हणे, परक्या पुरुषांनीं तपासल्यामुळें बायकांच्या मनाला बसणारा धक्का. कोणी म्हणे, मरणाऱ्यांना अखेरचा धर्मसंस्कार देण्यास जाणाऱ्या पाद्र्याच्या घंटेचा आवाज ऐकून बसणारी भीति. सेमेल्वाइसनें एकेक कारण कसून पाहिलें. घंटा सुद्धां बंद करविली. मृत्यु थांबले नाहींत. मग १८४७ च्या मार्च महिन्यांत त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का हा वारला. प्रेत फाडून शिकवीत असतां एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटास लागली होती. त्याच्या प्रेतांत जे विकार आढळले ते सूतिकाज्वरानें मेलेल्या बायकांच्या प्रेतांत आढळणाऱ्या विकारांसारखेच होते. सेमेल्वाइसला कोड्याचें उत्तर सांपडलें. सकाळीं शवच्छेदनाच्या खोलींत प्रेतें हाताळणारे विद्यार्थी आणि डॉक्टर तेच हात घेऊन बाळंतिणी तपासण्यास येत होते. सुइणींना शवच्छेदन शिकवीत नसत, एवढाच काय तो दोन विभागांतला भेद. ज्यांचा दर्जा खालचा त्यांचे हात निर्दोष, आणि ज्यांचा दर्जा वरचा त्यांचे हात घातक, असा हा निकाल होता.

साबणानें धुतल्यावरहि हातांना प्रेताचा वास राहतो, तेव्हां वास जाईल अशा द्रव्यानें हात धुवावे, असें त्यानें ठरविलें. आणि १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्याशिवाय कोणीं बाळंतिणीस स्पर्श करूं नये असा नियम केला. त्या वर्षीं एप्रिलांत त्याच्या विभागांत शेंकडा १८ हून अधिक बायका मेल्या होत्या. जूनमध्यें हें प्रमाण शेंकडा २.२ वर आलें, जुलैंत १.२ वर. पुढील वर्षाच्या मार्च महिन्यांत तर एकहि बाळंतीण सूतिकाज्वरानें दगावली नाहीं. जंतूंचें शास्त्र अजून जन्मास यावयाचें होतें. सेमेल्वाइसनें कोणताहि जंतु पाहिला नव्हता. त्यानें फक्त मरणें मोजलीं आणि हात धुवविले.

एवढा लख्ख पुरावा असतां जगानें त्याला डोक्यावर घेतलें असेल असें वाटणें साहजिक आहे. घडलें तें उलट. १८४९ सालीं त्याची नेमणूक पुढें चालविली गेली नाहीं. १८५० सालीं तो व्हिएन्ना सोडून आपल्या पेस्ट शहरीं निघून गेला. आपला ग्रंथ त्यानें लिहिला तो थेट १८६१ सालीं, आणि विरोधकांस तो जीं पत्रें धाडी त्यांत त्यांना खुनी म्हणण्यासहि तो कचरला नाहीं. त्याच्या स्वभावाचा दोष झांकण्याचें कारण नाहीं. परंतु विरोधाचें मूळ त्याच्या स्वभावांत नव्हतें. त्याचें म्हणणें मान्य करणें म्हणजे, आजवर माझ्या हाताखालीं ज्या बायका मेल्या त्या माझ्या हातानेंच मेल्या, असें मान्य करणें होतें. दयाळू मनाच्या माणसाला असली कबुली अधिकच जड जाते. जर्मनींतील कील येथील मिखाएलिस नांवाच्या एका प्रसूतितज्ज्ञानें तो सिद्धांत मनापासून पत्करला, आणि आपल्या हातून झालेल्या मृत्यूंच्या दुःखानें १८४८ सालीं आत्महत्या केली.

याच १८४७ सालच्या नोव्हेंबरांत एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्मचा गुण प्रसिद्ध केला. दोन्ही शोध एकाच वर्षाचे. पण त्यांचें नशीब किती निराळें! क्लोरोफॉर्म बघतां बघतां जगभर पसरला. आमचा राजुरा तालुका ज्या संस्थानांत होता त्या हैदराबादेंत तर रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी याच्या खटपटीनें १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मची सुरक्षितता ठरविण्याकरितां दोन कमिशनें बसलीं, निजाम सरकारनें खर्च सोसला, व विलायतेहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखे तज्ज्ञ मुद्दाम बोलाविले गेले. भुलीचा गुण डोळ्यांपुढें दिसतो. रोगी ओरडत नाहीं, शस्त्रवैद्याचा हात कांपत नाहीं. लाभ दोघांचा व तत्काळ. हात धुण्याचा गुण दिसत नाहीं. जो ताप आला नाहीं, जी जखम चिघळली नाहीं, ती दाखवावी कोणास? ती दिसते फक्त हिशेबाच्या वहींत, आणि वही ठेवण्याचा कंटाळा सार्वत्रिक आहे. शिवाय भूल आल्यामुळें शस्त्रवैद्यास सावकाश व खोलवर कापतां येऊं लागलें, शस्त्रक्रिया वाढल्या, आणि न धुतलेला हात पूर्वीं जेथें पोंचत नसे तेथें पोंचूं लागला.

१८६५ साल या कथेंत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षाच्या १३ ऑगस्ट रोजीं व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळांत सेमेल्वाइस वारला, आणि तोहि जखम चिघळून. त्याच्या आदल्याच दिवशीं, १२ ऑगस्टला, ग्लासगोमध्यें जोसेफ लिस्टर यानें गाडीचें चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडाची पट्टी बांधली. हाड मोडून कातडी फाटली कीं पाय कापावयाचा, हा त्या वेळचा शिरस्ता; तो मुलगा आपल्या दोन्ही पायांनीं घरीं गेला. लिस्टरनें पाश्चरचे लेख वाचले होते, त्यामुळें सेमेल्वाइसजवळ जें नव्हतें तें, म्हणजे कारणाची उपपत्ति, त्याच्याजवळ होती. त्यानें हात, हत्यारें, पट्ट्या सर्वच कार्बोलिकांत बुडविण्याची पद्धत घातली.

आणि याच १८६५ च्या मार्चांत आमच्याकडे एक मुलगी जन्मास आली, तिचें नांव पुढें आनंदीबाई जोशी झालें. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला व दहा दिवसांचा होऊन वारला. त्या दुःखांतून त्यांच्या वैद्यकीच्या निश्चयाला बळ आलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. त्या शिकण्यास गेल्या त्या शहराची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. तें शहर फिलाडेल्फिया. सद्गृहस्थांचे हात स्वच्छच असतात असें म्हणणाऱ्या मेग्जचें तें शहर. १८७६ सालीं लिस्टर स्वतः तेथें येऊन आपली पद्धत सांगून गेला, तरी तेथील नामांकित शस्त्रवैद्य सॅम्युएल ग्रॉस यांस ती पटली नाहीं. टॉमस ईकिन्स या चित्रकारानें १८७५ सालीं ग्रॉस यांच्या शस्त्रक्रियेचें एक मोठें चित्र काढलें आहे. त्यांत सर्व डॉक्टर बाहेर हिंडावयाच्या काळ्या कोटांत आहेत आणि उघड्या हातांना रक्त लागलें आहे. त्याच चित्रकारानें १८८९ सालीं त्याच शहरांतील डॉक्टर अ‍ॅग्न्यू यांच्या शस्त्रक्रियेचें चित्र काढलें. त्यांत डॉक्टर पांढरे स्वच्छ झगे घालून उभे आहेत व शेजारीं परिचारिका आहे. या दोन चित्रांच्या मध्यें चौदा वर्षें आहेत. आनंदीबाई त्या शहरीं १८८३ ते १८८६ पर्यंत होत्या. म्हणजे जुनें मत जाऊन नवें रुजत होतें त्या ऐन संधिकाळांत ही मराठी मुलगी तेथें शिकत होती. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु आर्यांचें प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्यें क्षयानें त्यांचा अंत झाला व तें काम त्यांच्या हातून व्हावयाचें राहिलें.

तें काम काय होतें, हें समजण्यास आमच्या जुन्या बाळंतिणीच्या खोलीकडे पाहिलें पाहिजे. सोवळ्याओंवळ्याचा एवढा बारीक विचार करणाऱ्या घरांत घरांतली सर्वांत मळकट जागा कोणती, तर बाळंतिणीची खोली. आणि ती मळकट राहिली ती सोवळ्याच्या अनादरामुळें नव्हे, सोवळ्यामुळेंच. सुवेर म्हणजे अशौच. म्हणून त्या दहा दिवसांत बाळंतिणीला जुनेरीं द्यावयाचीं, जीं पुढें टाकून देतां येतील. अंधारी, बिनखिडकीची खोली द्यावयाची, जी एरवीं कोणाच्या उपयोगाची नाहीं. आणि सुईण बोलवावयाची ती अशा जातीची, कीं जिला स्वच्छ पाण्याच्या आडावर आम्हीं चढूं दिलेलें नव्हतें. ज्या बाईला आम्हीं पाण्यापासून दूर ठेविलें, तिच्याच धुतल्या न धुतल्या हातांत आपल्या लेकीसुनांचे प्राण दिले, आणि बाळ गेलें म्हणजे दोष तिलाच दिला. विळ्यानें नाळ कापावी, वर राख किंवा शेण लावावें, आणि पांचव्या-सहाव्या दिवशीं सटवाई बाळाच्या कपाळीं काय लिहिते त्याची वाट पाहावी! नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारासच प्रकट होतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे सटवाईच्या लेखणीला शाई कोठून मिळत होती तें उमगतें. लशी, स्वच्छ पातें आणि धुतलेले हात या तिहींच्या जोरावर २०१५ सालीं भारतांतून मातांच्या व नवजातांच्या धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. तें लिखित इतकें पुसट होतें, हें आमच्या पणज्यांस कोणीं सांगितलें असतें तर!

पुन्हा शस्त्रक्रियेकडे वळूं. रबरी हातमोज्यांची कथा तर आमच्या 'पूर्वीं' आणि 'नंतर'चा उत्तम नमुना आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हाल्स्टेड याच्या हाताखालीं कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाची परिचारिका होती. जंतु मारण्याकरितां ज्या पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्यांत हात बुडवावे लागत, त्यानें तिच्या हातांची कातडी सोलून निघे. तेव्हां १८८९-९० च्या हिवाळ्यांत हाल्स्टेडनें गुडइयर कंपनीकडून तिच्याकरितां पातळ रबराचे मोजे करवून घेतले. पुढें त्यानें तिच्याशीं विवाहहि केला. हे मोजे आले ते हात राखण्याकरितां. रोग्याचा बचावहि त्यांनीं होतो, हें ध्यानांत येण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. त्याचाच सहकारी जोसेफ ब्लडगुड यानें १८९९ सालीं अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. मोजे घालूं लागल्यापासून जखम चिघळण्याचें प्रमाण शेंकडा १७ वरून २ च्या खालीं आलें होतें.

मोजे आल्यावर हात धुण्याची गरज संपली असें कोणी समजूं नये. मोज्याला सुईच्या टोंकाएवढें भोंक पडलें तरी शस्त्रवैद्यास तें कळत नाहीं, आणि मोज्याच्या आंत ऊब व घाम यांत जंतु वाढतात. आपल्या कातडीवरील जंतूंचे दोन वर्ग फिलिप प्राइस यानें १९३८ सालीं दाखवून दिले. एक पाहुणे आणि दुसरे बिऱ्हाडकरू. पाहुणे जंतु बाहेरच्या स्पर्शानें येतात, वरवर बसतात आणि साबणपाण्यानें सहज निघतात. बिऱ्हाडकरू कातडीच्या खांचांत, केसांच्या मुळांशीं कायमचे राहतात. त्यांची संख्या घटवितां येते, पण त्यांस समूळ घालवितां येत नाहीं. घरच्या माणसानें बाळास घेण्यापूर्वीं पाहुणे घालविले तरी पुष्कळ झालें. शस्त्रवैद्याला पाहुणे सर्व घालवून बिऱ्हाडकरूंसहि तास-दोन तास दाबून ठेवावयाचे असतात. म्हणून त्याची रीत अधिक कडक.

या रीतींत कालमानानें फेर पडत गेला आहे. १८८८ सालीं जर्मनींत फुर्ब्रिंगर यानें साबण, ब्रश व अल्कोहोल यांचा क्रम घालून दिला, आणि पुढें पुष्कळ दिवस दहा दहा मिनिटें ब्रशानें हात खरवडण्याची चाल पडली. मागाहून असें दिसून आलें कीं, खरवडल्यानें कातडी फाटते आणि फाटलेल्या कातडींत जंतूंना अधिकच थारा मिळतो. १९५४ पासून क्लोरहेक्झिडीन हें कातडीवर टिकून राहणारें औषध वापरांत आलें. आतां ब्रश मागें पडला आहे. नखें आंखूड, अंगठ्या-बांगड्या-घड्याळ काढलेलें, हात कोपरांपेक्षां उंच धरून मळकें पाणी कोपरांवरून खालीं जाऊं द्यावें, आणि सामान्यतः दोन ते पांच मिनिटें बोटांच्या बेचक्यांसह कोपरांपर्यंत धुवावें, अशी रीत आहे. तिच्या जोडीला दुसरी रीत अल्कोहोलमिश्रित द्रावण चोळण्याची. फ्रान्समध्यें ४,३८७ रोग्यांवर या दोन रीतींची तुलना करून २००२ सालीं निष्कर्ष छापण्यांत आला. चोळण्याच्या रीतींत शेंकडा २.४४ व धुण्याच्या रीतींत २.४८ जखमा चिघळल्या, म्हणजे दोन्ही सारख्याच. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१६ च्या आपल्या शिफारशींत दोहोंपैकीं कोणतीहि एक रीत योग्य मानली आहे. मात्र हातास मळ दिसत असेल तर तो आधीं साबणपाण्यानेंच काढावा लागतो, आणि द्रावण कोरड्या हातावर, तो पुरा वेळ ओला राहील इतकें घ्यावें लागतें. चंद्रपूरकडचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे, आणि मे महिन्यांत नळाला पाणी नसलें म्हणजे काय होतें तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या दुसऱ्या रीतीचें मोल वेगळें सांगावयास नको.

रीत सांपडली म्हणून ती पाळली जातेच असें नाहीं, आणि न पाळण्याचें कारण नेहमीं अज्ञान हेंच असतें असेंहि नाहीं. आमच्या शेजारच्या छत्तीसगडांत, बिलासपूरजवळ पेंडारी येथें, ८ नोव्हेंबर २०१४ रोजीं एका शिबिरांत एका शस्त्रवैद्यानें कांहीं तासांत ८३ स्त्रियांवर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांत तेथील शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या तेरा स्त्रिया दगावल्या. औषधांत विष होतें कीं शस्त्रक्रियेंतून संसर्ग झाला, याविषयीं पुढें वाद झाला; त्यांत आम्ही शिरत नाहीं. साधा त्रैराशिकाचा हिशेब मात्र कोणासहि करतां येईल. प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वीं तीन मिनिटें हात स्वच्छ करावयाचे म्हटलें तर ८३ शस्त्रक्रियांस चार तासांहून अधिक वेळ नुसत्या हातांनाच लागतो. ज्या योजनेंत संख्येचें उद्दिष्ट ठरतें आणि हाताच्या पाण्याचा वेळ धरला जात नाहीं, त्या योजनेनें मृत्यूला आमंत्रणच दिलें म्हणावयाचें. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१६ मध्यें अशीं शिबिरें तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, तो योग्यच होय.

याच अरण्यप्रदेशांत उलट दिशेचाहि पुरावा आहे, आणि तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें १९९३ पासून ३९ गांवांत नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हातीं घेतला. थोडें लिहितांवाचतां येणाऱ्या गांवांतल्याच बायकांस आरोग्यदूत म्हणून शिकविलें. त्या प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यु नोंदवीत, घरीं जाऊन बाळ पाहत, बाळाला हात लावण्यापूर्वीं हात धूत, उबेची व अंगावरच्या दुधाची काळजी घेत, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसल्यास औषध व इंजेक्शनहि देत. तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यु तुलनेच्या गांवांपेक्षां शेंकडा ६२ नीं घटले. हें सारें नुसत्या हात धुण्यानें झालें असें म्हणणें खोटें होईल. परंतु जन्ममरणें मोजणें आणि हात धुणें हीं दोन कामें, जीं व्हिएन्नांत एकट्या सेमेल्वाइसनें केलीं, तीं येथें खेड्यांतल्या बायकांनीं केलीं, आणि त्यांचा कोणीं छळ केला नाहीं. हे निष्कर्ष १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाले. लिस्टरनें १८६७ सालीं आपला शोध छापला तोहि याच पत्रांत. आज घरोघर बाळ पाहण्यास येणाऱ्या आशाताई जें करतात, त्याचें मूळ या ३९ गांवांत आहे.

या इतिहासाचा मथितार्थ आमच्या समजुतीप्रमाणें असा आहे. आमचें जुनें सोवळें दुसऱ्यापासून आपला बचाव करतें. शस्त्रवैद्याचें सोवळें आपल्यापासून दुसऱ्याचा बचाव करतें. पहिल्यांत 'तूं अशुद्ध आहेस' असा आरोप आहे, दुसऱ्यांत 'माझा हात घातक असूं शकेल' अशी कबुली आहे. पाणी तेंच, पण मनाची तयारी अगदीं उलट. म्हणून पिढ्यान् पिढ्या हात धूत आलेल्या आम्हां लोकांस देखील हें दुसरें हात धुणें नव्यानें शिकावें लागतें.

तें शिकण्यास मोठी विद्या लागत नाहीं. आपलें माणूस शस्त्रक्रिया होऊन पडलें असेल तर खोलींत शिरतांना आणि निघतांना हात साबणानें धुवावे किंवा बाटलींतलें द्रावण चोळावें. टांक्यांना व पट्टीला बोट लावूं नये. खाटेवर बसूं नये. दहाजणांनीं येण्याऐवजीं दोघांनीं यावें. डॉक्टर किंवा परिचारिका जखम पाहण्यास आली आणि हात धुण्यास विसरली असें दिसल्यास नम्रपणें आठवण द्यावी. त्यांत त्यांचा अपमान नाहीं. गॉर्डननें सव्वादोनशें वर्षांपूर्वीं जी कबुली दिली तिची लाज आज कोणा डॉक्टरास वाटूं नये. आणि घरांतल्या वडीलधाऱ्या बाईस हें सांगतांना तिच्या मायेला दुखवूं नये. पाहुणा आला म्हणजे उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवावयाचा, हा तिचाच शिरस्ता आहे. तो तांब्या रुग्णालयाच्या खोलीच्या उंबऱ्यावर, आंत जाण्यापूर्वीं, साबणाच्या वडीसह ठेवावा, एवढेंच तिला सांगावयाचें आहे.